सात नंबरची काठी

२७ जून १९८५

आज पण नुसतं "आ — आ". डावा हात वर करतात, छताकडे बघतात आणि आ — आ! मी म्हटलं, पाणी हवं? नाही. कूस बदलू? नाही. डॉक्टर सांगून गेलेत, "वाचा गेलीय, पण समज आहे. हो असेल तर डोळे मिटायला सांगा, नाही असेल तर उघडे." मग काय, दिवसभर मी विचारतेय आणि हे डोळे उघडे ठेवून बघतायत.

सात जूनला हत्यारांना तेल लावून पेटीत ठेवत होते. पावसाळ्यात लाकडाला हत्यार लावत नाहीत ना, म्हणून. रंधा हातात, तसेच खाली बसले. उजवी बाजू गेली ती गेलीच.

ही वही त्यांची. लाकडाची वही म्हणायचे. कुठलं लाकूड कधी आणलं, कधी चिरलं, कधी टांगलं. मागची पानं कोरी आहेत. एकोणतीस वर्षं ज्याच्याशी भांडले तो माणूस गप्प. मग बोलायचं कुणाशी? लिहिते आपली.

३० जून

चार चादरी, एक गोधडी, तीन लुंग्या. एका दिवसाचं धुणं! आणि वाळत घालू कुठे? गॅलरीत तिरपा पाऊस. पावसाळ्यात आमची अख्खी गुंदवली घरात दोऱ्या बांधते. परकर-बनियनच्या खालून वाकून चालतात माणसं. फक्त आमच्याकडे नाही. दत्ताराम सुताराचा कायदा — "घरात ओलो कपडो नको, सांगान ठेवतंय!"

कारण वर लाकूड. माळ्याच्या वाशाला चार दांडे वाळायला टांगलेत, एकेका खिळ्याला एकेक, उभे. स्नूकर खेळायच्या काठ्या व्हायच्यात त्यांच्या. गिरणीच्या सुतारखात्यात होते तेव्हा जिमखान्यातल्या मोडक्या काठ्या घरी आणून दुरुस्त करायचे, हौस म्हणून. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. मग हौस होती तेच पोट झालं.

हे लाकूड दारूखान्यातलं, बंदराकडच्या भंगारबाजारातलं. भंगारात काढलेल्या जहाजाची वल्ही. अ‍ॅशचं लाकूड, आपल्याकडचं नव्हे. मी बरोबर होते. चार वल्ही होती, ह्यांनी एकेक जमिनीवर आपटून कान लावला. तीन घेतली आणि एक परत. "ह्याच्या पोटात गाठ आसा." भंगारवाला मला म्हणाला, बाई, तुमचा नवरा डॉक्टर आहे काय? तीन वल्ह्यांतून सात दांडे निघाले. चार वर्षांपूर्वी टांगले. तीन पहिल्याच पावसाळ्यात वाकले, ते बंबात गेले. राहिले दोन, चार, सहा आणि सात. खडूने नंबर घातलेत.

सातवर ह्यांचा जीव. रेघा कशा टोकापर्यंत सरळ! तो अंबादासला कबूल केलाय. अंबादास म्हणजे जिमखान्यातला मार्कर — साहेब लोक खेळतात, हा गुण मोजतो. पण साहेब गेल्यावर हा खेळतो तेव्हा बघावं म्हणतात. आजवर क्लबच्या वाकड्या काठीनेच खेळला. यंदा डिसेंबरातल्या स्पर्धेत पहिल्यांदा त्याचं नाव घेतलंय. ह्यांनी मेमध्ये शब्द दिला, "दिवाळीक तुझी काठी तयार."

शब्द दिला आणि आडवे झाले. कपाळ माझं!

५ जुलै

आज हात टेकले. घरात दोरी बांधली, दोन चादरी टाकल्या. झालं — लगेच डावा हात वर! आ — आ! डोळे असे मोठे! मी म्हटलं, "बरं बाबा, काढते." काढल्या. गॅलरीत टाकल्या. संध्याकाळी होत्या त्याहून ओल्या.

१४ जुलै

शेजारची द्रौपदी म्हणते, "सुगंधा, तुला काय येड लागलंय? माणूस मोठं की लाकूड?" तिला काय जातंय बोलायला. तिच्याकडे एक दोरी मोकळी आहे, त्यावर एक चादर वाळते, तीही दीड दिवसाने. बाकीच्या मी इस्त्री फिरवून कोरड्या करते. कोरड्या कसल्या, कोमट! हात लावला की गार. घरात कुबट वास भरलाय.

पण हे उठतील ना. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत काही काही लोक उठतात. उठून बसले आणि वर बघितलं की लाकूड वाकडं? मग कशाला उठतील? मी काय तोंड दाखवू? चार वर्षं जपलंय. मेलं एका पावसाळ्यासाठी घालवू?

१८ जुलै

ऊन नाही.

१९ जुलै

नाही.

२७ जुलै

अनुपमा येऊन गेली. चिपळूणला दिलेली लेक, दोन दिवसांची पाहुणी. बापाचे पाय चेपत बसली आणि रडली. मी ओरडले, रडायचं तर गॅलरीत जा, तिथे तसंही सगळं ओलं आहे. मग मलाच कसंतरी झालं. जाताना तिच्या पिशवीत कोकमं घातली.

२ ऑगस्ट

आज पाठ पुसताना बघितलं. माकडहाडापाशी रुपयाएवढं लाल. मधोमध कातडी गेलीय.

डॉक्टर आले. चादर चिमटीत धरली, मग माझ्याकडे बघितलं. "बाई, ही ओली आहे." मी म्हटलं दमट आहे. "दमट म्हणजे ओलीच. असं चाललं तर ही जखम हाडापर्यंत जाईल. औषधाने काही होणार नाही. कोरडी चादर, बास."

मान खाली घालून ऐकलं. काय सांगणार? की माझ्या नवऱ्याचं लाकूड वाळतंय म्हणून?

३ ऑगस्ट

द्रौपदीच्या नवऱ्याने तोड काढली. "वहिनी, कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे चला. भट्टीच्या माथ्यावर ठेवू लाकडं, चार दिवसांत कडकडीत! कटकट संपली." झकास म्हणे!

ह्यांनी केला होता तो उद्योग. ह्या वल्ह्यांच्या आधी, काठ्या करायला लागले त्या पहिल्या वर्षी, घाई होती म्हणून. एक दांडा भट्टीवर चार दिवस ठेवला. वरून सरळ, गुळगुळीत. आठवड्याने टेबलावर पहिला फटका मारला तर आतून फाटला, उभा. ह्यांनी दोन दिवस अन्न टाकलं. म्हणाले, "वरसून सुकला, आतसून रडत रवला." तेव्हापासून घाई हा शब्द घरात काढायचा नाही.

मी द्रौपदीच्या नवऱ्याला म्हटलं, राहू दे भाऊ.

आज परत दोरी बांधली. परत हात वर, परत आ — आ. मी विचारलं, "चादर काढू?" डोळे उघडेच. मी म्हटलं, रागावू नका, काढते! तरी उघडेच, आणि डोळ्यांतून पाणी. हा माणूस मिलवर लाठी खाल्ली तेव्हा रडला नव्हता.

चादरी काढल्या. मला समजत नाही मी काय करू. खरंच समजत नाही.

११ ऑगस्ट

आज अंबादास आला. ड्युटीवरून तसाच, हाताला खडू लागलेला. उशाशी बसला. ह्यांचा हात वर गेला. आ — आ. मी सवयीने उठले, दोरीवरचा टॉवेल काढायला.

अंबादास म्हणाला, "थांब वहिनी." तो ह्यांच्या डोक्याला डोकं लावून वर बघत बसला. मग म्हणाला, "दादा, सात नंबर?" ह्यांनी डोळे मिटले!

स्टुलावर चढून त्याने सात खाली काढला, ह्यांच्या डाव्या हातात दिला. ह्यांनी अंगठा फिरवला वरपासून खालपर्यंत. मग तो अंबादासच्या छातीवर ढकलला. आणि परत हात वर, दुसऱ्या दांड्याकडे. आ!

अंबादासने मला विचारलं, "वहिनी, तू ह्यांना काय विचारत होतीस रोज?"

"चादर काढू का, म्हणून."

"आणि लाकूड काढू का, असं कधी?"

मग मीच वाकून विचारलं. "लाकूड काढू? चादरी बांधू?"

त्यांनी डोळे मिटले. मिटून ठेवले कितीतरी वेळ, मला नीट कळावं म्हणून.

दोन महिने! दोन महिने हा माणूस सांगत होता, लाकूड खाली घे आणि मला कोरडं कर. आणि मी त्यांनाच ओल्यात निजवून त्यांचं लाकूड जपत होते.

१२ ऑगस्ट

झोप नाही. खरं तेच लिहिते, इथे कोण वाचतंय. मला दुसरा प्रश्न सुचला नाही असं नाही. विचारायचाच नव्हता. लाकूड वर आहे तोवर हे उठणार, असं मनात धरून बसले होते. लाकूड खाली म्हणजे आटोपलं. म्हणून विचारलं नाही. पाठीला भोक पडलं तरी विचारलं नाही.

अंबादास चारी दांडे घाटकोपरला आपल्या घरी घेऊन गेला. घरात सहा चादरी लटकतायत.

२६ ऑगस्ट

जखम वाढली नाही. भरतही नाही. डॉक्टर नुसते हूं करतात.

१० सप्टेंबर

अंबादास सांगत होता, त्याची आई सुंदराबाई दांड्यांच्या पायी कुणाला घरात ओला रुमाल ठेवू देत नाही. "माझ्या बायकोची लुगडी शेजारी, माझा गणवेश शेजारी. आई म्हणते, दुसऱ्याची ठेव आहे, पाणी लागता कामा नये. चहाच्या आधणावर सुद्धा झाकण!" मी हसले. ह्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसलेच ते! जूननंतर पहिल्यांदा.

त्या माउलीला मी अजून बघितलेलं नाही.

खंडेनवमी

हत्यारं पेटीतून काढली, पुसली, पाटावर मांडली, झेंडू वाहिला. दर वर्षी हे करायचे, मी नुसतं ताट धरायची. कुंकू लावून झालं तर ह्यांचा हात पुढे. रंधा मागितला. दिला. छातीवर ठेवून घेतला.

मग तो माझ्याकडे केला. मी म्हटलं पेटीत ठेवू? डोळे उघडे. अंबादासला देऊ? उघडे. "मी?"

मिटले.

"मला काय येतंय?" मी ओरडलेच. "दहा वर्षं दुसरं टोक धरून बसले, एवढंच!" मिटलेलेच. ह्या माणसाशी भांडायची पण सोय राहिली नाही!

२९ ऑक्टोबर

दांडे परत आले. दोन वाकलाय. चारला चीर. सहा एका अंगाने पिळलाय. सात सरळ! अंबादासने जिमखान्याच्या टेबलावर लोळवून बघितला, जरासुद्धा उडी नाही. घरी येऊन जमिनीवर आपटला, ह्यांनी कान दिला आणि डोळे मिटले. वल्ही निवडताना केलं होतं, तेच.

मागचा जाड भाग शिसवीचा, तो ह्यांनी मेमध्येच करून ठेवलाय, पितळी जोडासकट. राहिला हा पुढचा. एकदम गोल करायचा नसतो. रंध्याचे पाच हात द्यायचे. एका हातात थोडं काढायचं आणि आठ दिवस टांगायचं. साल काढली की लाकूड बिथरतं, त्याला निवू द्यायचं. निवल्यावर सरळ राहिलं तर पुढचा हात. नाही राहिलं तर बंब.

३० ऑक्टोबर

पहिला हात दिला. पालथी फळी खाटेला लावून, त्यांना दिसेल अशी. अंबादासने दुसरं टोक धरलं. रंधा दोनदा अडकला. बरोबर चाललं की हे गप्प. बास झालं की खाटेच्या लाकडावर थाप. एकच. थाप पडली की थांबायचं, अजून एक सालपं काढू म्हटलं तरी नाही.

दारात द्रौपदी तोंडाला पदर लावून उभी. "बाईमाणूस रंधा मारतं!" म्हटलं, मारतं. तू भाकऱ्या थापतेस ना, तशीच.

७ नोव्हेंबर

दुसरा हात. सरळ आहे. थाप लवकर आली.

१५ नोव्हेंबर

दिवाळी कशी गेली कळलं नाही. आज तिसरा हात. आता लाकडाचे आठ कोन झाले, बोटाला लागतात. सालपं पातळ निघतात. पहिल्यांदा वाटलं, येतंय की मला! लगेच थाप. जरा फुशारले की थाप. कसं कळतं त्यांना?

२० नोव्हेंबर

घास गिळत नाहीत. पेजसुद्धा बाहेर येते. जखमेला वास येतोय. डॉक्टर खाली उतरल्यावर जिन्यात म्हणाले, ताप आतला आहे, मनाची तयारी ठेवा. तयारी म्हणजे काय ठेवायचं असतं कुणाला ठाऊक.

२३ नोव्हेंबर

चौथा हात. थाप इतकी हळू की अंबादासला ऐकू आली नाही. मला आली.

आठ दिवस म्हणजे एक डिसेंबर. अंबादासचा पहिला सामना दोनला. जोड बसवायचा, पुढे चामडं लावायचं, त्याला दोन दिवस हवेत. गणित बसत नाही.

२७ नोव्हेंबर

आज मी वाईट बोलले.

विचारलं, "आज देऊ पाचवा हात? चारच दिवस अलीकडे." डोळे उघडे. म्हटलं, लाकूड सरळ आहे हो, बघा! उघडे. अंबादास म्हणाला, "असू दे वहिनी, पहिला सामना मी क्लबच्या काठीने खेळतो. जिंकलो तर पुढचा हिने."

"आणि हरलास तर?" तो हातावरचा खडू पुसायला लागला.

माझं डोकं फिरलं. मी ह्यांना म्हटलं, "कुणासाठी थांबायचं? लाकडाला दिवस आहेत, तुम्हाला आहेत का?" तोंडातून गेलं! अंबादास उठून गॅलरीत गेला. हे बघत राहिले माझ्याकडे. रागाने नाही. डावा हात उचलून माझ्या हातावर ठेवला, रंध्याच्या मुठीवर होता त्यावर. जड हात, गरम. डोळे उघडेच.

नाही म्हणजे नाही. सात नंबर परत वर टांगला.

२८ नोव्हेंबर

ताप १०३. तीन चादरी.

२९ नोव्हेंबर

पाच चादरी. बाहेर कडक ऊन. आता ऊन आलंय, मेलं!

३० नोव्हेंबर

दिवसभर डोळे उघडे. काही विचारलं नाही, बसून राहिले नुसती.

१ डिसेंबर

आठ दिवस झाले. सकाळी अंबादास आला. सात खाली काढला, बघितला — सरळ. मी विचारलं, "पाचवा हात देऊ?" त्यांनी डोळे मिटले.

रंधा उचलला. एकेक सालप काढत गेले. थापेकडे कान होता. थाप आली नाही. मग एका ठिकाणी माझ्याच हाताला कळलं, बास. मी थांबले आणि वर बघितलं. डोळे अजून मिटलेलेच होते. हात हातात घेतला, गार पडलेला.

चादर कोरडी होती.